चुन्याच्या रेघेच्या आत

सोमवार, ८ जानेवारी २०१८

आज सुहासिनी मॅडमनी कँटीनच्या मागच्या मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या. पाच चौकोन. प्रत्येक दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट खोल जाणार. कँटीनचं उरलेलं अन्न, भाज्यांची देठं, वसतिगृहाचा ओला कचरा, आवारातला पालापाचोळा, सगळं त्यात कुजवून खत करायचं. ओला कचरा यापुढे कॉलेजच्या फाटकाबाहेर जाणार नाही, असं ठरलं आहे. मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवतात, वय तिशीच्या आसपास. चुना स्वतः हाताने टाकत होत्या.

तिसरा चौकोन करंजाच्या झाडापासून सात पावलांवर येतो. मला मोजावं लागलं नाही.

मी केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहाय्यक आहे. मेअखेर निवृत्त होईन. ही डायरी काचसामान पुरवणारे दर वर्षी देतात आणि कुसुम तिच्यात वाणसामानाच्या याद्या लिहिते. या वर्षी मी ती तिला दिली नाही, माझ्या पिशवीतच ठेवतो. जे कुणालाच सांगता येत नाही ते कुठेतरी उतरवलं पाहिजे, नाहीतर माझ्या तोंडून भलत्या वेळी बाहेर पडेल.

१९९१ साली त्या जागेत सहा बाटल्या पुरल्या गेल्या. पिक्रिक ॲसिड. पिवळं, साखरेसारखं दाणेदार. पाण्यात भिजलेलं आहे तोवर काही करत नाही. वाळलं की नुसत्या धक्क्याने फुटतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत हेच भरत असत. विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती, बुचांभोवती पिवळे खडे धरले होते. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख दीनानाथ सर यांच्या सांगण्यावरून पुरल्या.

सत्तावीस पावसाळे झाले. ओलं राहिलं असेल. पण सत्तावीस उन्हाळेही झाले.

गुरुवार, ११ जानेवारी

खड्डे मथुराबाई आणि संपत खणणार आहेत. मथुराबाई आवार झाडते. तिचा नवरा गेनबा इथेच पहारेकरी होता. ब्याण्णव साली तो वारला, त्याच्या जागी तिला घेतलं. संपत तिचा धाकटा दीर, माळीकाम करतो. कॉलेजच्या जमिनीतला एक तुकडा पूर्वी त्यांच्या घराण्याचा होता. संपत हे सांगतो, पण तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं.

"काका, जिमीन दगडासारखी हाय," तो आज म्हणाला. "कुदळीबिगर भागायचं न्हाई."

फेब्रुवारीच्या शेवटी खणायचं ठरलंय. म्हणजे सहा आठवडे. सहा आठवड्यांत काहीतरी सुचेल.

सोमवार, १५ जानेवारी

आज मॅडमना सांगितलं की करंजाजवळ मी दोनदा घोणस पाहिली आहे. सकाळी बसमध्ये पाठ केलं होतं. "उन्हाला येऊन पडते. जागा बदललेली बरी."

मॅडमचा चेहरा उतरला. "बरं झालं काका, सांगितलंत. मथुराबाई तर अनवाणीच असतात तिथे." त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. मला वाटलं, जागा बदलण्यासाठी प्राचार्यांना लावला असेल. त्यांनी कात्रजच्या एका सर्पमित्राला लावला होता.

इतकं सोपं खोटं. तेही मला नीट बोलता आलं नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

सर्पमित्र आज आला. सर्जेराव नाव. हातात लांब आकडी. मी वर तिसऱ्या मजल्यावर ब्युरेट धुत होतो, खिडकीतून सगळी जागा दिसते. तो वाकून वाकून बघत होता. मग त्याने संपतला काहीतरी सांगितलं आणि संपत पहार घेऊन आला.

पहार! बिळं कुठवर जातात ते बघायला त्याने ती जमिनीत मारायला सुरुवात केली. पहिला घाव पहिल्या चौकोनात. आवाज इथपर्यंत आला. दुसऱ्या चौकोनात तीन घाव. मथुराबाई पदर खोचून शेजारी उभी. मॅडम, आणि त्यांच्यामागे वीस-बावीस मुलंमुली, मोबाईल वर धरून.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. हातात पाण्याची बादली होती, कारण नळाखाली तीच भरलेली होती. खाली पोचलो तेव्हा संपत तिसऱ्या चौकोनात पाय रोवून उभा होता. मी बादली त्याच्या पायाशी ओतली.

"काका!" मॅडम दचकल्या.

"पाणी सोडलं की साप आपण होऊन बाहेर येतो," मी म्हणालो. मला धाप लागली होती. "पहार नको. जनावर मरेल."

सर्जेराव हसला. "एवढ्या जिमिनीला एक बादली व्हय साहेब? नळी लावा की." मग त्याने आकडी खांद्याला लावली. "तसं हितं काय न्हाई. उंदराची बिळं हायेत."

माझ्या तोंडून साप निघाला नसता तर पहार आली नसती. हे मी घरी येताना बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत होतो. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

मंगळवार, २३ जानेवारी

नळी लावतो आहे. रोज सकाळी पाऊण तास, तिसऱ्या चौकोनावर जास्त. पाणी झिरपलं तर बाटल्यांपर्यंत जाईल. बुचं सडली असतील तर आतही जाईल. जाईल का? प्रयोगशाळेत मला सगळं मोजून करायची सवय आहे. इथे मोजायला काही नाही, नुसती माती काळी होताना दिसते.

कुसुमने विचारलं, "हल्ली सकाळी सव्वासातची बस का?"

"झाडांना पाणी घालायचं असतं."

"घरातली तुळस वाळली," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

रविवार, २८ जानेवारी

आमच्या नारायण पेठेतून शनिवार पेठेत दीनानाथ सरांकडे चालत दहा मिनिटं. मी चार वर्षं गेलो नव्हतो. सर आता शहाऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, पण बाकी सगळं शाबूत. माझ्या मनात होतं की सर म्हणतील, 'अनंता, तो निर्णय माझा होता, मी प्राचार्यांशी बोलतो.' त्यांच्या वयाला कोण काय करणार?

मी म्हणालो, "सर, एक्याण्णव सालची समिती आठवते?"

"न आठवायला काय झालं? त्या पिक्रिकनं माझी झोप उडवली होती." सर खुर्चीत पुढे सरकले. "मी तुला बाटल्या पाण्याच्या टबात ठेवायला सांगितलं. सरकारी खात्याला दोन पत्रं लिहिली. मग माझी आई गेली, मी गावाला गेलो. परत आलो तर तू म्हणालास, गाडी आली आणि घेऊन गेली. केवढं हायसं वाटलं होतं मला! म्हटलं, हा माणूस आहे म्हणून विभाग चालतो."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"का रे? आली होती ना गाडी?"

"आली होती सर," मी म्हणालो.

आठ तारखेला मी वर लिहिलं आहे, सरांच्या सांगण्यावरून. ते खोडणार नाही, पण ते तसं नव्हतं. सरांनी 'बघ काय ते' म्हटल्याचं मला आठवत होतं. पण सत्तावीस वर्षं एखादी गोष्ट आपणच आपल्याला सांगितली की ती आठवणच होऊन बसते. टब फुटका होता. समिती सोमवारी येणार होती. मी रविवारी आलो, खोक्यात पेंढा घातला, बाटल्या ठेवल्या, आणि पुरल्या. रजिस्टरात 'पाठवल्या' असं लिहून सही केली. एकतीस वर्षांचा होतो. मला नोकरीची भीती वाटत होती, बाटल्यांची नाही.

गुरुवार, १ फेब्रुवारी

मॅडमनी फलकावर माझा फोटो लावला. नळी हातात, टोपी घातलेली. खाली लिहिलंय, 'शून्य कचरा प्रकल्पाचे आधारस्तंभ, आमचे काका.' मला न विचारता काढलेला फोटो आहे. फोटोत मी जमिनीकडे फार प्रेमाने बघतोय असं वाटतं.

पुढचं त्याहून वाईट. माझ्या पाण्यामुळे जमीन इतकी मऊ झाली आहे की थांबायचं कारण उरलेलं नाही, असं संपतने त्यांना सांगितलं. खणायला आता नऊ तारखेला सुरुवात.

"सगळं तुमच्यामुळे काका!" मॅडम म्हणाल्या.

सोमवार, ५ फेब्रुवारी

निनावी पत्र लिहायला घेतलं. डाव्या हाताने. 'मा. प्राचार्य यांस, कँटीनमागील जागेत घातक वस्तू पुरलेली आहे.' तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा अक्षर माझंच वाटलं. कॉलेजात घातक आणि पुरलेली एवढे दोन शब्द एकत्र वाचले की कोणीही आधी केमिस्ट्रीच्या जिन्याकडे बघेल. फाडून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. प्रयोगशाळेत गेल्यावर आठवलं की सुका कचरा आता मॅडमच्या विद्यार्थिनी हाताने निवडतात, कागद एकीकडे, प्लास्टिक एकीकडे. धावत गेलो. डबा रिकामा होता. कचरा निवडायच्या शेडमध्ये तीन मुली जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर कागदांच्या ढिगात हात घालून माझे तुकडे वेचले. एक विचारत होती, "काय हरवलं काका?" मी म्हटलं, चष्म्याची पावती.

एक तुकडा सापडला नाही. त्यावर 'पुरलेली' लिहिलेलं असावं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

मथुराबाईला रबरी हातमोजे नेऊन दिले, प्रयोगशाळेतले, जाड. हे तरी करू शकतो. तिने घालून बघितले आणि हसली. "अनंतराव, पंचवीस वर्सांत मला हातमोजं देणारं तुमी पैलं."

तिचे तळवे पिवळे दिसले. बोटांच्या पेरांपर्यंत. माघी पौर्णिमेला जेजुरीला गेली असेल. त्यांच्या गावातली सगळी जातात. भंडारा असा चिकटतो की आठ दिवस हात सोडत नाही.

परवा खणणार. उद्या मॅडमना खरं सांगेन. उद्या नक्की.

शनिवार, १० फेब्रुवारी

गुरुवारी सांगितलं नाही. मॅडम दिवसभर कुठल्याशा चर्चासत्राला गेल्या होत्या. फोन करता आला असता. त्यांचा नंबर फलकावर माझ्याच फोटोखाली लिहिलेला आहे.

काल सकाळी निवृत्तीच्या कागदांसाठी मला शिक्षण खात्याच्या कचेरीत बोलावलं होतं. खणायला अकरा वाजता सुरुवात करायची होती. मी साडेदहाला परत येईन असा हिशेब केला होता. साहेब जागेवर नव्हते. कॉलेजच्या फाटकात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि कँटीनमागून ढोलकीचा आवाज येत होता. मुलांनी उद्घाटनाला गाणी लावली होती.

दोन खड्डे झाले होते. तिसऱ्यात मथुराबाई कमरेपर्यंत उतरलेली, माझे हातमोजे घालून माती घमेल्यात भरत होती. संपतने कुदळ डोक्यावर उचललेली. खड्ड्याच्या भिंतीला एका जागी माती पिवळी होती, ओल्या हळदीसारखी. आणि त्या पिवळ्यात लाकडाचा कोपरा दिसत होता.

"संपत, हात खाली घेऊ नकोस!"

मी असा कधी ओरडलो नाही. ढोलकी थांबली. संपत कुदळ वर धरून तसाच उभा राहिला.

"हळू ठेव. मातीवर नाही, मागे, गवतावर. मथुराबाई, वर या. पाय घसटू नका."

"साप हाय का?" तिने विचारलं.

"साप नाही. तिथे बाटल्या आहेत. धक्का लागला तर स्फोट होईल."

दोन मुलं हसली. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन मिनिटांत सगळ्यांना मैदानावर नेलं. मी मथुराबाईचा हात धरून तिला वर घेतलं. ती जड नाही, पण माझाच पाय घसरला आणि शेवटी तिनेच मला सावरलं.

पोलीस आले, मग बॉम्बशोधक पथक. त्यांच्या प्रमुखाने मला विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"जुन्या रजिस्टरात नोंद वाचल्याचं आठवतं," मी म्हणालो. हे मी ठरवून ठेवलं नव्हतं. आपोआप आलं.

त्यांनी दोन तास लावून खोका उघडला. पाच बाटल्या.

"एवढ्याच?"

तेव्हा 'हो' म्हटलं असतं तर कोणीच काही विचारलं नसतं. मी म्हणालो, "सहा."

पुन्हा शोधाशोध. कुत्रं आणलं. मी कट्ट्यावर बसून होतो. तेव्हा मथुराबाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "एक म्या मंगळवारीच काढलीया. कुंड्यांना मऊ माती घ्याया गेले, तवा सडक्या फळीतनं घावली. पिवळी व्हती, हाताला लागली. मॅडम म्हंत्यात, काच धुतल्याबिगर भंगारात द्यायची न्हाई. म्हून बादलीत भिजत टाकलीया. शेडमदी."

शेडमध्ये. जिथे तीन मुली मांडी घालून बसतात.

पथकाचा एक माणूस बादली बघून आला. काठोकाठ पाणी. सहावी बाटली शीतपेयांच्या बाटल्यांमध्ये बुडालेली. पाण्यात होती म्हणून काही झालं नाही, असं त्याने मॅडमना सांगितलं. मॅडम मटकन खाली बसल्या.

आणि मी बुधवारी तिचे तळवे पाहिले होते. चौतीस वर्षं मी ते डाग विद्यार्थ्यांच्या बोटांवर बघत आलोय. भंडारा म्हणे.

बादलीतली आणि खोक्यातल्या चार बाटल्या त्यांनी भिजवून नेल्या. एकीचं बूच हलवण्यासारखं नव्हतं. तिच्याभोवती वाळूची पोती रचली आणि ती तिथेच उडवली. आम्ही मैदानाच्या पार टोकाला होतो, तरी आवाज छातीत लागला. कँटीनच्या काचा खळाखळा पडल्या. करंजाची पानं बराच वेळ गळत राहिली. सगळे तिकडे बघत होते. मथुराबाई माझ्याकडे बघत होती.

घरी कुसुमला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"सत्तावीस वर्षं कोणती बस किती उशिरा आली ते रोज सांगत आलात," ती म्हणाली. "हे नाही सांगितलंत." मग माझं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता आत गेली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

प्राचार्यांनी बोलावलं. मॅडमही होत्या. मी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंड उघडायच्या आत प्राचार्य म्हणाले, "अनंतराव, तुमच्या सावधपणामुळे अनर्थ टळला. तुम्हाला नोंद आठवली, हे कॉलेजचं भाग्य. बाटल्या कोणी पुरल्या ते चौकशीत बघू. इतक्या जुन्या गोष्टीत कुणाचं नाव निघणं अवघड. खरं ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान डोलावली.

जिन्यात मॅडम म्हणाल्या, "अनंतराव, रजिस्टर कुठे आहे?" काका नाही म्हणाल्या. मी म्हटलं शोधतो. ते माझ्या कपाटात आहे. किल्ली माझ्या खिशात आहे.

आज दोन घास जास्त जेवलो. लिहायला लाज वाटते, पण जेवलो.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

चौकशीचा अहवाल फलकावर लागला. फोटोच्याच शेजारी. तीन पानं. शेवटचं वाक्य असं: 'सदर रसायन प्रयोगशाळेतून चोरीस जाऊन, तत्कालीन पहारेकरी कै. गेनबा पासलकर यांनी ते परस्पर पुरले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

गेनबा. मेलेला माणूस, त्याला कोण विचारणार? मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मागे मुलं उभी होती, बाजूला होऊन त्यांना वाचायला जागा दिली.

माझी भीती आता संपायला हवी होती. पगार, निवृत्ती, नाव, सगळं सुटलं. पण आज बसमधून उतरल्यावर घर ओलांडून पुढे गेलो आणि नदीकाठापर्यंत चालत राहिलो. मथुराबाई समोरून आली तर काय, एवढाच विचार होता. तिला वाचता येत नाही. त्याचंच मला बरं वाटत होतं.

शनिवार, ३ मार्च

आज ती तिसऱ्या मजल्यावर आली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. तिच्या हातात अहवालाच्या झेरॉक्स प्रती होत्या, घडी करून करून मऊ झालेल्या.

"वाचून दावा," ती म्हणाली. स्टुलावर बसली नाही.

"संपतकडून घ्या की वाचून."

"तुमी वाचा."

मी वाचलं. पहिली दोन पानं हळूहळू वाचली. मग तिसरं पान आलं. एक वाक्य गाळून पुढे गेलो तर चालेल, असं मनात आलं. गाळलं नाही. गेनबाचं नाव आलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती, खाली, करंजाकडे.

"खरं हाय का?" तिने विचारलं.

मी प्रती घडी करून तिला परत दिल्या. मग म्हणालो, "नाही. मी पुरल्या."

तिने मान हलवली. आश्चर्य वाटल्यासारखी नाही. "संपतनं चार दिसांमागंच वाचून दावलं. मला तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं." मग म्हणाली, "त्या रविवारी फाटक त्यांनीच उघडलं व्हतं तुमाला. घरी येऊन म्हनले, अनंतरावांनी मेलेली बेडकं पुरल्यात, जीवशास्त्राची. मी म्हनले, बिचारी बेडकं."

हे मी या डायरीत लिहिलं नव्हतं. गेनबाने विचारलं होतं, काय हाय खोक्यात? मी बेडकं म्हणालो होतो. त्याने वरची माती पायाने दाबून दिली. त्या बाटल्यांवर उभा राहून, माझ्यासाठी. तेव्हाही मी त्याला बाजूला हो म्हटलं नाही.

"पंचवीस वर्सं त्याच झाडाखाली भाकर सोडली म्या," मथुराबाई म्हणाली. "रोज दुपारी. तुमी हितनं खिडकीतनं बघत व्हता. कधी हाक मारावी वाटली न्हाई?"

मी रोज बघत होतो. ती जेवते आहे एवढंच दिसत होतं. तिच्याखाली काय आहे हे मला त्या खिडकीतून पंचवीस वर्षांत एकदाही दिसलं नाही. तिथे चुन्याची रेघ पडेपर्यंत मला ती जागा आठवलीच नव्हती. हे तिला कसं सांगणार?

"मथुराबाई, मला माफ…"

"ते ऱ्हाऊ द्या." तिने ओट्यावरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "अर्ज लिवा. माझ्या नावानं, प्राचार्याला. माझ्या मालकाचं नाव काढा म्हून लिवा. आन कुनी पुरलं ते लिवा."

मी पेन काढलं. टोपण ओट्यावर ठेवलं. ती थांबली. घाई केली नाही.

"तुमचं पुरं नाव घाला. बापाच्या नावासकट."

मी लिहिलं. अनंत यज्ञेश्वर लवाटे. तारीख लिहिली. खोका, पेंढा, रजिस्टरातली खोटी सही लिहिली. बेडकं लिहिली. तिने शेवटी सगळं मोठ्याने वाचायला लावलं. दाराबाहेर संपत उभा होता, हे मला तेव्हा कळलं, कारण ती म्हणाली, "आवाज चढवा. त्याला बी ऐकू जाऊ द्या."

खाली तिने सही केली. सही येते तिला. एकेक अक्षर कोरून.

सोमवार, ५ मार्च

कपाटातून रजिस्टर काढलं आणि अर्जाला जोडलं. मथुराबाई, संपत आणि मी, तिघं कार्यालयात गेलो. मॅडमही आल्या. त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण बाहेर गेल्याही नाहीत.

आवक-जावकच्या खिडकीवर श्यामलाबाई असतात. माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेल्या. त्यांनी अर्ज वाचायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर वाचणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग खाली सहीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चष्मा काढला. आवाज खाली आणला.

"अनंतराव, अहो, हे अक्षर तुमचंच आहे."

मागे मुलं फीसाठी रांगेत होती. प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी खिडकीचा कठडा धरला.

"हो," मी म्हणालो. "शिक्का मारा."